चढाच्या बदल्यात वारा

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, डाउवे, तुझे गुडघे असे का वाजतात? आता तुम्हीच सांगा, जन्मभर चीजच्या गाडीमागं उभा राहिलेला माणूस, ज्याची सगळ्यात लांबची धाव म्हणजे उडालेल्या छत्रीमागं बाजाराच्या टोकापर्यंत, त्याला तुम्ही एकदम अर्धी मॅरेथॉन पळायला लावता, मग गुडघे वाजणार नाहीत तर काय आशीर्वाद देणार? आणि हे सगळं कशासाठी? तर चढासाठी!

त्याचं असं झालं, हिस्केला, म्हणजे आमच्या बायकोला, पन्नास पूर्ण होणार. आता आमच्या फ्रीसलँडात, म्हणजे हॉलंडच्या ह्या उत्तरेकडच्या सपाट कोपऱ्यात, बाई पन्नाशीची झाली की शेजारीपाजारी अंगणात तिच्या नावानं चिंध्यांची बाहुली बसवतात, चांगली माणसाएवढी, येणारा-जाणारा बघून हसतो, मग आत गोल खुर्च्या मांडायच्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं, माझं, सासऱ्यांचं, मांजर दिसलं तर मांजराचंसुद्धा, आणि माणशी केकचा एक तुकडा. सुटसुटीत काम! मी तर शेजाऱ्यांकडे खुर्च्या सांगूनही ठेवल्या होत्या. तर हिस्के म्हणते, "बाहुली नको. मला डोंगर हवा."

डोंगर... तुम्हाला सांगतो, आमच्या गावात सगळ्यात उंच काय, तर समुद्राचा बांध, आणि त्याच्यावर मेंढ्या. पण आमची मुलगी निंके, तिनं लगेच फोनवर शोधून काढलं, पोर्तुगालचं कुठलंसं बेट, तिथं अर्धी मॅरेथॉन, निम्मा रस्ता चढाचा, म्हणाली सगळेच जाऊ. मी म्हटलं, जाऊ की, पुढच्या वर्षी, जरा बाजार मंदावला की... आणि तिथंच अडकलो, कारण हिस्के माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही हो. ओरडली असती तर घासाघीस करता आली असती. शांतपणे म्हणाली, "लग्न झाल्यापासून तू पुढच्या वर्षी म्हणतोयस. ह्या वेळी मी जाणार. माझ्या शेजारी पळालास तर मला आवडेल. नाही पळालास तर एकटी पळेन, पण मग पुन्हा कधी विचारणार नाही."

समोरच्यानं शेवटचा भाव सांगितला की तो शेवटचा आहे हे ओळखायला मला शाळा लागली नाही कधी.

झालं, तयारी सुरू. निंकेनं फर्मान काढलं, आपल्याकडे चढ नाही पण वारा आहे, बांधावर वाऱ्याच्या तोंडावर पळायचं, तोच आपला चढ. बोलायला काय जातंय? तुम्ही कधी आमच्या वाऱ्यात तोंड उघडून पळालायत? श्वास सोडावा तर तो परत घशात कोंबतो, डोळ्यांतून पाणी, बुटाखाली लेंड्या, आणि शेजारून इलेक्ट्रिक सायकलवर आमचे सासरे हार्मेन, खिशातून उकडलेला बटाटा काढून खातायत आणि म्हणतायत, "जावईबापू, ती मेंढी पुढं गेली बघा." कशासाठी? तर चढासाठी!

मग मी डोकं चालवलं. वाऱ्याचं आम्हा बाजारातल्या माणसांना कुणी शिकवू नये. एकदा मासेवाल्यानं वाऱ्याच्या वरच्या अंगाला गाडी लावली, तर दिवसभर माझ्या लवंगेच्या चीजला धुरावलेल्या बांगड्याचा वास, एक आजी तर खूश होऊन दुसऱ्या आठवड्यात तेच मागायला आली... ते असो. तर मी काय करायचो, जिकडून वारा यायचा तिकडच्या गावाला बसनं जायचो आणि तिथून पळत घरी. वारा पाठीवर! अहो पळणं कसलं, पाय नुसते खाली टेकवायचे, बाकी सगळं तो बघायचा. फोनवर वेग असा दिसायचा की निंके म्हणायची, बाबा, हे काय! हिस्के गालात हसायची आणि मला जास्तीचा ब्रेड वाढायची. मी मनात म्हटलं, चढ गेला उडत.

आणि आला नावं भरायचा दिवस. तिथं म्हणे वेगाप्रमाणे गट, वेगवान लोक आधी सुटणार, बाकीचे बऱ्याच वेळानं. निंकेनं अभिमानानं जाहीर केलं, बाबा पहिल्या गटात, आई शेवटच्या. म्हणजे बघा, जिच्या शेजारी पळायचं म्हणून हे सगळं केलं, ती खाली उभी आणि मी वर डोंगरात कुठल्यातरी पोरांच्या टाचा मोजत! हिस्के भांडी पुसत होती. म्हणाली, "पळ की तू पुढं. मी येईन मागून. सवय आहे मला."

मला चैन पडेना. गिऱ्हाइकानं पाव किलो मागावं आणि मी अर्धा किलो कापावं, तसं झालं होतं. शेवटी काल कॉफी घेताना सांगून टाकलं सगळं, बस, वारा, सगळं. म्हटलं, "मला शेवटच्या गटात घाल. तुझ्याशिवाय तो डोंगर मला फुकटसुद्धा नको."

तिनं कप खाली ठेवला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," म्हणाली. "वाऱ्याच्या तोंडावर पळालेल्या माणसाचे केस मागं जातात. तू घरात शिरलास तेव्हा तुझे डोळ्यांवर आले होते."

केस! मुळात उरलेत किती, आणि त्यांनीच घात करावा?

वर कळलं काय, की तिनं माझं नाव केव्हाच बदलून घेतलंय, शेवटच्या गटात, स्वतःच्या शेजारी. मी तोंड कधी उघडतो एवढंच बघत होती. तुम्हाला सांगतो, मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की भरात बोलून गेलो, चल, उद्या दोघं बांधावर, वाऱ्याच्या तोंडावर, तू म्हणशील तिथपर्यंत. मनात हिशेब पक्का, परत येताना वारा पाठीवर असणारच.

"परत कुठं पळायचंय?" हिस्के म्हणाली. "माझे बाबा गाडी घेऊन तिकडच्या टोकाला थांबणार आहेत. जाताना पळत, येताना गाडीनं. तुझं बसचं भाडंही वाचेल."