शनिवारी भांडं कुणी उकळलं?

इझ्मे : परत सांग. माझ्याकडे बघून सांग.

कॉल्विन : सांगितलं ना, आई. सकाळ-संध्याकाळ उकळलं. तू आधी बस बघू. पोटाचे टाके अजून ओले आहेत.

इझ्मे : टाके पोटाला आहेत, डोक्याला नाहीत. अकरा दिवस तू उकळलंस?

कॉल्विन : अकरा दिवस.

इझ्मे : दोन्ही वेळा?

कॉल्विन : दोन्ही वेळा. झाकण काढ, वास घे. आंबलंय का? नाही ना? मग झालं तर. उद्या ख्रिसमस, तू हॉस्पिटलातून घरी येतेस, आणि पोराला ‘जेवलास का’ विचारायचं सोडून या मांसाच्या रश्शाची, पेपरपॉटची, उलटतपासणी!

इझ्मे : झाकण काढूनच विचारतेय. तू खाली मिनीबस धूत होतास तेव्हा मी वर येऊन पहिलं तेच केलं. गेल्या गुरुवारच्या आदल्या गुरुवारी मी त्यात गाईच्या खुरांचे चौदा तुकडे घातले. शुक्रवारी पहाटे पोटात कळ आली आणि मला जॉर्जटाउनच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आज मंगळवार. किती तुकडे असतील भांड्यात?

कॉल्विन : मला काय माहीत? मी काय मोजत बसलो?

इझ्मे : मी मोजले. चौदा. डुकराची शेपटीसुद्धा जशीच्या तशी. तू, डोळे चोळत उठतोस तो पाव घेऊन थेट भांड्यावर जातोस, तू अकरा दिवसांत एक तुकडा उचलला नाहीस?

कॉल्विन : ख्रिसमससाठी राखून ठेवलं.

इझ्मे : तू राखून ठेवलंस! सात वर्षांचा होतास तेव्हा उष्टा चमचा बुडवलास आणि अख्खं भांडं फसफसून गेलं. तेव्हापासून मी डाव उंच खिळ्यावर टांगते. आज आले तर डाव खिळ्यावर आहे. धुतलेला, पुसलेला. फडक्याची चौपदरी घडी. कॉल्विन, तू जन्मात कधी काही खिळ्यावर टांगलंस का रे? तुझी टोपी जमिनीवर राहते.

कॉल्विन : माणूस सुधारू नये का?

इझ्मे : चाखत होतास?

कॉल्विन : रोज.

इझ्मे : मीठ कसं आहे?

कॉल्विन : एकदम बरोबर.

इझ्मे : खारट आहे! समुद्राचं पाणी पी, ते गोड लागेल. आटत गेलंय, पाणी घातलंय ते अंदाजाने, जिभेला न लावता. कसाव्याच्या रसाचं काळं कॅसरीप आहे म्हणून मांस टिकतं हे खरं, पण दोन वेळा रटरटलं तरच टिकतं. दोन वेळा कुणीतरी उकळलंय. ते तू नाहीस. कोण?

कॉल्विन : बरं, ऐक. पर्सॉदकाकूंना सांगितलं होतं. मला बसच्या फेऱ्या होत्या, सणाची गर्दी...

इझ्मे : पर्सॉदकाकूंनी गाईचं मांस असलेलं भांडं उकळलं?

कॉल्विन : म्हणजे... वरून वरून.

इझ्मे : चाळीस वर्षांचा शेजार आहे आमचा. दिवाळीला ती मिठाई आणते आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहून देते. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. आणि तिचे गुडघे! तेरा पायऱ्या चढून ती रोज दोनदा येणार? खोटं बोलायचं तर निदान धड पायांच्या बाईचं नाव तरी घे.

कॉल्विन : आई, ओरडू नकोस, टाके—

इझ्मे : टाक्यांचं नाव काढू नकोस! कुठे होतास?

कॉल्विन : स्केल्डनला.

इझ्मे : तुझ्या त्या मर्लीनकडे.

कॉल्विन : तिच्या आईकडे छपराचं काम होतं...

इझ्मे : तुझी आई पोट फाडून पडलीय आणि तू दुसरीच्या आईचं छप्पर शाकारतोयस! छान. आता मला एवढं सांग. या गावात असं कोण आहे, जे रोज दोन वेळा माझ्या घरात येतं, भांडं उकळतं, डाव धुतं, फडकं घडी करतं, आणि एवढ्या वासात बोटभरसुद्धा तोंडात घालत नाही? कोण? नाव घे.

कॉल्विन : तूच म्हणाली होतीस, ते नाव या घरात घ्यायचं नाही.

इझ्मे : तिला चावी दिलीस.

कॉल्विन : दुसरं कोण होतं गं?

इझ्मे : माझ्या घराची चावी. तिला. सहा वर्षं मी तिला पायरी चढू दिली नाही आणि तू तिला माझ्या चुलीपाशी नेऊन उभं केलंस! उचल ते भांडं. उचल. नेऊन समोरच्या चरात ओत.

कॉल्विन : वेडी झालीस का? डॅडींचं आहे ते.

इझ्मे : ते कुणाचं आहे ते तू मला शिकवू नकोस! शेवटचं मांस त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं, मार्चमध्ये गेले, आणि तेव्हापासून मी ते भांडं एकदाही तळापर्यंत रिकामं होऊ दिलेलं नाही. वरून घालत राहिले, खालचं तेच ठेवलं. सहा वर्षं, दिवसातून दोनदा. ताप असताना. पूर आला आणि खालच्या मजल्यावर गुडघाभर पाणी होतं तेव्हासुद्धा. आणि जिने त्यांच्या शेवटच्या ख्रिसमसला ताटली ढकलून ‘घाण’ म्हटलं, तिचा हात त्यात? ओत म्हणते ना! नाहीतर सर, मी ओतते.

कॉल्विन : तुला उचलणार नाही. लोखंडाचं आहे. आई, हात काढ. आई!

(मागच्या जिन्यावर पावलं वाजतात. दार उघडतं. कॉल्विनची बहीण शॉन्डेल चावी हातात घेऊन दारातच थांबते.)

शॉन्डेल : कॉल्विन, तू म्हणालास आई संध्याकाळी येणार.

कॉल्विन : लवकर आली. मावशीचा दीर गाडीने इकडेच येत होता.

इझ्मे : चावी टेबलावर ठेव.

शॉन्डेल : ठेवते.

इझ्मे : आणि चालू लाग.

शॉन्डेल : सकाळचं उकळायचं राहिलंय. दहा वाजून गेले. शाळेत नाताळचा खाऊ वाटायचा होता, म्हणून उशीर झाला.

इझ्मे : तुला ऐकू येत नाही का?

शॉन्डेल : येतं. सहा वर्षांपूर्वी कबरीपाशी तू जे बोललीस तेही नीट ऐकू आलं होतं.

इझ्मे : काय खोटं बोलले?

शॉन्डेल : ‘हिने बापाला मारलं.’ असं बोललीस. फादर होते, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, पर्सॉदकाकू होत्या. मी तुला घरात आठ माणसांसमोर एक वाईट वाक्य बोलले. तू मला सगळ्या न्यू ॲमस्टरडॅम गावासमोर बोललीस.

इझ्मे : तू माझ्या हातच्या अन्नाला घाण म्हणालीस. ख्रिसमसच्या सकाळी. तुझा बाप समोर बसलेला. तीन दिवस राबले होते मी त्या भांड्यासाठी.

शॉन्डेल : म्हणाले. ‘नको’ म्हणायला हवं होतं, मी ‘घाण’ म्हणाले. तेवीस वर्षांची होते, नव्या चर्चमध्ये डुक्कर वर्ज्य, तिथे बाप्तिस्मा घेऊन तीन आठवडे झाले होते, वाटत होतं देवाची आणि माझी थेट ओळख झालीय. त्याबद्दल मी तुला तीन पत्रं लिहिली. तू उघडली नाहीस.

इझ्मे : शनवारवाल्यांची पत्रं मी उघडत नाही.

कॉल्विन : आई, पुरे ना आता. तिने एवढं केलं—

इझ्मे : तू गप्प बस, छप्परवाल्या! ...थांब. थांब जरा. शनिवार.

कॉल्विन : काय शनिवार?

इझ्मे : मी शुक्रवारी गेले. आज मंगळवार. मधे दोन शनिवार गेले. ही शनवारवाली मंडळी देवाचा दिवस म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत काडी ओढत नाहीत. शनिवारी सकाळी भांडं कुणी उकळलं?

कॉल्विन : शनिवार माझ्याकडे होते.

इझ्मे : तू होतास?

कॉल्विन : ...येणार होतो. पुलावर गर्दी होती.

इझ्मे : शनिवारी सकाळी त्या पुलावर कसली गर्दी रे, मेल्या? कुणी उकळलं?

शॉन्डेल : उकळलं गेलं. सोड.

इझ्मे : मी तुला विचारतेय.

शॉन्डेल : शुक्रवारी ऊन असताना उकळून गेले. शनिवारी सूर्य मावळल्यावर परत येणारच होते. मधली सकाळ तेवढी याची होती. चर्चमधून निघाले, इथून चालले होते. खाली बस नाही. खिडक्या बंद. हे ऊन, वर पत्रा तापलेला. रस्त्यावर उभी राहिले थोडा वेळ.

इझ्मे : मग?

शॉन्डेल : मग काय? वर आले. गॅस पेटवला.

इझ्मे : शनिवारी.

शॉन्डेल : हो.

इझ्मे : तू.

शॉन्डेल : सहा वर्षांत शनिवारी मी चहासुद्धा केलेला नाही. पांढऱ्या कपड्यांत उभी राहून अर्धा तास डुकराचं मांस ढवळलं. दुपारच्या सभेला गेले तर शेजारच्या बाईने विचारलं, कपड्यांना कसला वास येतोय गं? मी खरं सांगितलं. चर्चमधला माझा मुलांचा वर्ग पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कुणाला देऊ, असं तिथले लोक म्हणाले.

कॉल्विन : हे तू मला सांगितलं नाहीस.

शॉन्डेल : तुला काय सांगायचं? दुसऱ्या शनिवारी मी तुला फोनही केला नाही. सरळ आले.

इझ्मे : कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? माझ्या डोक्यावर हे ओझं ठेवायला आलीस का, की उद्या म्हणशील, आई, तुझ्यासाठी मी देवाला दुखावलं?

शॉन्डेल : तुझ्यासाठी नाही केलं! तुझ्यावर माझा राग आहे. रोज सकाळी ढवळताना तुला मनात शिव्या देत होते, देवाने माफ करावं. तळाला डॅडींनी घातलेलं आहे म्हणून केलं. ते तुझे एकटीचे नव्हते. दोन वर्षं दर बुधवारी त्यांना क्लिनिकला मी नेत होते. डॉक्टर मीठ सोडा म्हणाले ते मी ऐकलं. खारवलेली शेपटी घालू नकोस म्हणून तुला मी सांगितलं. तू म्हणालीस, ख्रिसमस आहे.

इझ्मे : ख्रिसमस होता.

शॉन्डेल : हो. होता.

इझ्मे : त्यांनी मागितलं.

शॉन्डेल : माहीत आहे.

इझ्मे : तुला काहीच माहीत नाही! तू ताटली ढकलून निघून गेलीस. ती त्यांनी पुढे ओढली. म्हणाले, पोरीची आहे, वाया घालवायची नाही. स्वतःची संपवून तुझीही संपवली. मी समोर बसले होते. एक शब्द बोलले नाही. तुझ्यावर एवढी चिडले होते की म्हटलं, खाऊ देत, तिला दाखवू देत. रात्रीपासून पाय सुजायला लागले ते शेवटपर्यंत उतरले नाहीत. आता सांग. कबरीपाशी उभं राहून मी कुणाचं नाव घ्यायला हवं होतं?

कॉल्विन : आई, बस ना गं.

इझ्मे : बसायला सांगू नकोस मला!

शॉन्डेल : दोन ताटल्यांनी माणूस जात नाही, आई. डॉक्टरांनी मला सप्टेंबरातच सांगितलं होतं, फार दिवस नाहीत.

इझ्मे : आणि मला सांगितलं नाहीस.

शॉन्डेल : डॅडींनी सांगू दिलं नाही. म्हणाले, तिचा ख्रिसमस वाया जाईल.

इझ्मे : सप्टेंबरपासून. आणि मला आज सांगतेस.

शॉन्डेल : दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं.

कॉल्विन : पत्रं आहेत. फेकलेली नाहीत तिने. शिवणाच्या डब्यात...

इझ्मे : तुझा शिवणाच्या डब्याशी काय संबंध? तू बस धू जा!

कॉल्विन : धुऊन झाली.

इझ्मे : मग परत धू!

शॉन्डेल : आई, साडेदहा होत आले. हे आता नाही उकळलं तर उद्या सकाळी कुणाला काही खायला मिळणार नाही. ओतायचं असेल तर ओत, पण आंबवून ओतू नकोस.

इझ्मे : मला उचलणार नाही.

शॉन्डेल : मी सरकवते. तू बाजूला हो.

इझ्मे : कडेला धर. तो कान हलतो. ...आच एवढी मोठी नको. खारट करून ठेवलंयस सगळं.

शॉन्डेल : चाखलं नाही.

इझ्मे : कळलं मला ते. एक भांडं पाणी घाल आणि खारटपणा काढायला बटाटा घालायचा उद्योग करू नकोस.

शॉन्डेल : बटाटा घातला की आंबतं. मला येतं, आई. तूच शिकवलंस.

इझ्मे : शिकवलं ते पोरीला शिकवलं. अशा तोंडाच्या बाईला शिकवलं असेल असं वाटलं नव्हतं.

शॉन्डेल : तोंड कुणावर गेलंय, ते पर्सॉदकाकूंना विचार.

इझ्मे : ढवळ नीट, तळापासून. खालचं वर येऊ दे. ...उद्या सकाळी तू काय खातेस?

शॉन्डेल : घरी चहा. बिस्किटं असतील.

इझ्मे : ख्रिसमसच्या सकाळी बिस्किटं. लोक काय म्हणतील मला?

शॉन्डेल : तुझा तो वेणीसारखा वळलेला पाव खाल्ला असता. पण तू त्यात डुकराची चरबी घालतेस.

इझ्मे : घालते. माझी आई घालायची, तिची आई घालायची. चरबीशिवाय वेणीला पापुद्रा सुटत नाही, आणि ते मी कुणासाठीही बदलणार नाही.

शॉन्डेल : मी बदल म्हटलं का?

इझ्मे : कॉल्विन! कुठे चाललास? इकडे ये. दुकान उघडं आहे का?

कॉल्विन : दुपारपर्यंत. का?

इझ्मे : लोणी आण. पीठ अजून मळलेलं नाही.