कान्हाचा वाघ

फोटोत गवताचं पातं न पातं स्पष्ट होतं. मागचा वाघ मात्र पिवळा, धुरकट डाग. नाशिकच्या मेनरोडवरील स्टुडिओत थांबलेल्या कमलताईंना शेजारच्या वयस्क जोडप्याच्या हातातला तो फोटो नीट दिसत होता.

“रोल धुतला की उकडला यांनी?”

“अहो, हळू. लोक ऐकतात.”

“ऐकू देत! कान्हाच्या जंगलात जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, आणि सगळे वाघ धुक्यात!”

“हा बघा, तुमचा फोटो. तुमच्या मिशीचा केस न केस दिसतोय.”

“हा बरा कसा आला?”

“तो मी काढला. रोल तोच, कॅमेरा तोच, धुणारेही हेच.”

“म्हणजे दोष माझा? सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं मायक्रोमीटर वाचलाय या डोळ्यांनी!”

“तेव्हा त्यांत मोतीबिंदू नव्हता. काढून घ्या म्हणून दोन वर्षं घसा कोरडा करतेय मी!”

“फोकस मी नीटच लावला होता.”

“गवतावर! आता वाघाला सांगा, परत उभा राहा म्हणून.”

म्हाताऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“वत्सला, ऑपरेशनची तारीख घे. उन्हाळ्याच्या आधीची. उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येतो.”