बिनवाट्याचं डुक्कर

(भोरच्या कडेला, टेकडीवरची सरकारी बाग. उजाडलंय, फाटक अजून बंद. आत बागेत कामाला असलेली मंगल आणि बंदूक घेतलेला तिचा बाप सावळाराम.)

सावळाराम : पुरायचं? आख्खं डुक्कर?

मंगल : व्हय, आबा. वर राकेल ओतून. वनखात्याच्या परवानगीत तसंच हाय. मांसाचा तुकडा बाहेर जाता कामा न्हाई.

सावळाराम : आन् हे आत्ता सांगतीस? काडतूस भरल्यावर?

मंगल : आधी सांगितलं असतं, तर उत्रोलीहून निघाला असता का तुमी?

सावळाराम : नसतो निघालो. आमच्यात डुक्कर पडलं की घरटी वाटा जातो. ज्याचं रान उकरलं त्याला जादा. नुसता मारून टाकायला म्या जीव घेतला न्हाई कंदी.

मंगल : ते गावात. हितं बाग हाय.

सावळाराम : फाटकापाशी एक पोरगी बोर्ड घेऊन बसलीया. म्हणली, काका, तुमचा हात कसा उठतो? काय सांगू तिला?

मंगल : काय बी सांगू नका. डुकरानं फिरायला येणाऱ्या बाईची मांडी फाडली, तवा दुसरी माणसं आली, मारा म्हणत. आता ही, मारू नका म्हणत. दोघं जातात घरी. उकरलेली रोपं मी लावत बसते. पिंजरा लावला, तर त्यात कुत्रं घावलं.

सावळाराम : मागं टेकडी फोडून बंगले बांधले. जनावरानं जावं कुठं?

मंगल : मला नका इचारू. लई दमले मी. औंदा रोपं जगली न्हाईत तर मला कामावरून काढणार हायेत. म्हणून तर तुमचं नाव दिलं.

सावळाराम : तू दिलंस? मला वाटलं, सायबानं हुडकलं.

मंगल : मीच. दुसऱ्यानं अर्धवट मारलं असतं. तुमच्या हातनं तळमळत तरी न्हाई राहायचं.

सावळाराम : ...गप. ते बघ, बांबूच्या खाली.

मंगल : आबा, तुमी बंदूक खाली का घेतली? फाटक उघडायची वेळ झालीया.

सावळाराम : सायबाच्या कागदावर म्या मारायचो न्हाई. तू सांग. तुझ्या तोंडानं.

मंगल : असं नका ना करू.

सावळाराम : मग चल, जाऊ घरी. काढू दे कामावरून. भाकरी हाय आपल्याकडं.

मंगल : तिथं भावजयीच्या चुलीपुढं किती दिस बसू?

सावळाराम : मग सांग.

मंगल : मारा, आबा.

सावळाराम : मागं सरक. आन् कान झाक, पोरी.