लुगड्यांचा फ्रिज

माझ्या बहिणीच्या लग्नातल्या फ्रिजची गोष्ट तुम्हाला सांगितली का? नाही? मग ऐका राव.

आमची सुनंदा कलाकार. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून त्यांचे टीव्ही, मिक्सर बनवते, अगदी हुबेहूब. वस्तूंची हाव लोकांना दिसावी म्हणून. पुण्यात प्रदर्शनं भरतात तिची.

साखरपुड्याला खोडदचे पाव्हणे आले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "आमचं मागणं काय बी न्हाई. पण फ्रिज तर तुमच्या पोरीलाच लागंल ना?"

दुसऱ्या दिवशी आमचे वडील, अण्णा, फ्रिज आणायला जुन्नरला दुकानात निघाले, तर सुनंदा दारात आडवी. "फ्रिज मी देणार. तुम्ही विकत आणलात, तर लग्न मोडलं समजा."

लग्नाच्या दिवशी आमच्या महाळुंग्याच्या मांडवात, रुखवतात फ्रिज उभा! माणसाएवढा, दोन दारांचा. मामा लई खूश. ऐटीत दार उघडायला गेला आणि हात मऊ कापडात रुतला.

"आरं, ह्यो तर गोधडीचा हाय!"

मुंडावळ्या बांधलेली सुनंदा पुढं आली. "तुम्ही मागितला, मी शिवला. चालणारा लागला तर आम्ही दोघं कमावून घेऊ."

अण्णा हात जोडत मामाकडं धावले. सुनंदा मात्र जागची हलेना. मामानं भाच्याकडं बघितलं. भाचा म्हणाला, "मला आवडला, मामा."

तेवढ्यात नवरदेवाची आई उठली आणि भावाला म्हणाली, "दादा, मागितला तुमी. आता टेम्पोपतुर डोक्यावर तुमीच न्या."

आणि नेला की राव मामानं, सगळ्या वऱ्हाडासमोर!