जानकीबाईंनी नदीपलीकडे ठेवलेलं उत्तर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले पाळक रेव्हरंड त्रिभुवन साहेब, व्यासपीठावरचे पंच कमिटीचे सभासद, ठाण्याहून मुद्दाम आलेले पाहुणे पाळक, महिला मंडळाच्या माझ्या मैत्रिणी, तरुण संघ आणि उद्या पहाटे सातपुड्याकडे निघणारे आपले पाच जण, तुम्हा सर्वांना प्रभूच्या नावात माझा सलाम.

मी सुहासिनी रणपिसे. मुलुंडच्या या मंडळीत छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा सेक्रेटरी म्हणून. मला शुभेच्छेचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. साहेबांनी पाच मिनिटं दिलीत. साहेब, थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी सांगते. सातपुड्यात आमलीपाडा म्हणून गाव आहे. तिथे मिशनचा लहानसा दवाखाना आहे. पावसाळा सरत आला की तिथे तापाची साथ येते, आणि नेमका त्याच दिवसांत रस्ता तुटलेला असतो. शेवटची नदी दोर धरून पायी ओलांडावी लागते. सहा वर्षांपूर्वी आपली चार माणसं औषधं घेऊन गेली. देवदत्त उजागरे त्यांचा पुढारी होता. परत तिघेच आले. जानकीबाई पाटोळेंचा चोवीस वर्षांचा सौरभ त्या नदीत वाहून गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर आपण कुणाला पाठवलं नाही. मग यंदा जूनमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईंचं पत्र आलं. गेल्या साथीत गावातली सात मुलं दगावली, कोणी येईल का, असं विचारलं होतं. उपासनेनंतर ते इथेच वाचलं गेलं. आठवतं ना तुम्हाला? मग देवदत्त उठला. त्याच्या मागून मुकुल, ऋतिका आणि चेतना.

पाळकसाहेबांनी अट घातली, आधी तीन महिने दर शनिवारी एकत्र जेवा, एकत्र प्रार्थना करा, मगच जा. जागा आमच्या घरची. आता खरं सांगू? पहिले चार शनिवार प्रार्थना कमी आणि भांडणंच जास्त झाली. ऋतिका नर्स, तिला शिस्त हवी. "मुकुल, यार, खोके असे आपटतोस काय? काचेच्या बाटल्या आहेत त्यात!" मुकुल म्हणायचा, "तूच उचल ना मग!" चेतना दोघांना जेवायला बसवायची. हळूहळू एकमेकांच्या घरचं दुखलं-खुपलं कळू लागलं. मुकुलच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा ऋतिकाच रोज जाऊन बसली. पाचव्या शनिवारी मुकुलने तिच्यासाठी प्रार्थना केली, मोठ्याने, नाव घेऊन. मला वाटलं, आता ही माणसं एकमेकांची झाली.

देवदत्त मात्र गप्प असायचा. ताट पुढ्यात तसंच राहायचं.

सहाव्या शनिवारी ही मंडळी तरणतलावावर दोर धरून पाणी ओलांडायचा सराव करत होती. मी काठावर टॉवेल सांभाळत बसले होते. जानकीबाई तिथे आल्या. सहा वर्षांत त्या देवदत्तशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"देवदत्त, सौरभ त्या दिवशी पुढे कसा गेला?"

"काकू, सांगितलं होतं ना मी. तो स्वतःहून..."

"पुन्हा सांग. ही पोरं तुझ्या मागून पाण्यात उतरणार आहेत. यांच्यासमोर सांग."

देवदत्त पाण्यातून वर आला आणि काठावर बसला.

"मी पाठवलं त्याला," तो म्हणाला. "तो म्हणत होता, दादा, पाणी चढतंय, थांबू या. मी त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणालो. मग तो उतरला. बाकीच्या दोघांना मीच गप्प राहायला सांगितलं."

मुकुलने हातातला दोर टाकला आणि निघून गेला. पुढचे दोन शनिवार माझ्याकडे कोणीही आलं नाही. मी रस्सा करून ठेवायचे आणि सकाळी शेजाऱ्यांना द्यायचे.

पंच कमिटी बसली. देवदत्तने पुढारीपण सोडल्याची चिठ्ठी दिली. दौरा रद्द, असं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात जानकीबाई आत आल्या. "दौरा रद्द करू नका. तिथे अजून मुलं आहेत. देवदत्तच पुढारी राहील, आणि मी बरोबर जाणार."

एक पंच म्हणाले, "जानकीबाई, अहो, तुमचं वय बासष्ट."

"तिथे स्वयंपाक कोण करणार? तुम्ही?"

सगळे हसले. मग त्या म्हणाल्या, "नदीवर देवदत्त पहिला उतरेल. त्याच्या कमरेचा दोर काठावरून मी धरणार." मग कोणीच हसलं नाही.

पुढच्या शनिवारी सगळे परत आले, मुकुलसुद्धा. तो देवदत्तच्या शेजारी बसला नाही, पण बसला. जेवण झाल्यावर देवदत्तने विचारलं, "काकू, तुम्ही मला माफ केलंत का?" जानकीबाई ताटं गोळा करत होत्या. म्हणाल्या, "त्याचं उत्तर नदीच्या पलीकडे गेल्यावर देईन."

मित्रहो, जानकीला मी छत्तीस वर्षं ओळखते. तिच्या डोळ्यांतलं मला नेहमी वाचता आलंय. त्या दिवशी आलं नाही. मी तिच्या घरी गेले. ती पलंगाच्या पायाला दोर बांधून गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, "जानकी, तुझ्या मनात काय आहे गं?"

ती म्हणाली, "सुहास, मलाच माहीत नाही. माहीत असतं तर घरीच बसले नसते का?"

हे मी देवदत्तला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तो म्हणाला, "दोर त्यांच्याच हातात राहू दे, रणपिसेबाई."

आज सकाळी आमलीपाड्याच्या शाळामास्तरांचा फोन आला. उताराच्या जागी पाणी अजून छातीपर्यंत आहे, आणि वर डोंगरात पाऊस चालू आहे. देवदत्तने बाकीच्या चौघांना बोलावून सांगितलं, पाणी उतरलं नाही तर काठावर थांबायचं, आणि थांबू या असं कोणीही म्हणालं तरी थांबायचं. ज्याला यायचं नाही त्याने आत्ता सांगावं. कोणी मागे हटलं नाही. जानकी पिशवीला नावाची चिठ्ठी शिवत होती.

आता एक माझं. सहा वर्षांपूर्वी त्या दौऱ्याचा अहवाल सेक्रेटरी म्हणून मी लिहिला. 'सौरभ स्वतःहून पुढे गेला' हे वाक्य माझ्या हातचं आहे. लिहिताना देवदत्त माझ्याकडे बघत नव्हता. मला संशय आला होता. मंडळीचं नाव जाईल म्हणून मी विचारलं नाही. आणि इथे बसलेल्या आणखी किती जणांना तो संशय आला होता, हे ज्याचं त्याने बघावं. म्हणून आज हे सगळं इतक्या माणसांसमोर बोलले. या वेळी त्या नदीवर जे काही होईल, ते झालं तसंच लिहिलं जाईल. नवीन सेक्रेटरींनी तसा शब्द दिलाय मला.

पाळकसाहेबांचे, कमिटीचे, सकाळपासून चुलीपाशी उभ्या असलेल्या महिला मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. भाषणात काही कमी-जास्त बोलले असेन तर ते पोटात घाला. अहवालातल्या त्या वाक्याची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती जानकीकडे काल मागितली. तिने मलाही नदीकडेच बोट दाखवलं.

देवदत्त, जानकी, मुकुल, ऋतिका, चेतना, सांभाळून जा. आम्ही फोनपाशी बसून आहोत.