शंभरात सहा

बाबा : लिहा ताई, मोकळेपणानं लिहा. कन्या तेवीस वर्षांची, शिकलेली आणि घरात बसलेली! तुमच्याच बेकारीच्या पाहणीचे आकडे आले होते कालच्या पेपरात. चोवीस वर्षांपर्यंतची पोरं शंभरात वीस बेकार. आणि आम्ही मोठे? सहा!

लेक : कालपासून चौथ्यांदा ऐकवताय, बाबा.

बाबा : ऐकवणारच. आम्हाला कधी कामाची लाज वाटली नाही. तुम्हाला आधी खुर्ची हवी.

लेक : ताई, महिन्याभरात एकवीस अर्ज दिलेत मी. जावं तिथे एकच, ‘अनुभव आहे का?’ कामच द्यायचं नाही, तर अनुभव काय आभाळातून पडणार?

पाहणीवाली : म्हणजे काम शोधतेयस. गेल्या सात दिवसांत पैसे मिळतील असं तासभर तरी काम केलंस?

लेक : नाही.

पाहणीवाली : मग बेकार. वाईट वाटून घेऊ नकोस गं, फॉर्मची भाषा आहे ती. काका, आता तुमचं.

बाबा : त्यात काय विचारायचं? पुठ्ठ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं. कायम नोकरी.

पाहणीवाली : आज सुट्टी वाटतं?

बाबा : आज... दुपारची पाळी आहे.

लेक : ताई, लिहू नका ते.

बाबा : का गं?

लेक : एकविसावा अर्ज कुठे घेऊन गेले, विचारा ना. तुमच्या कारखान्यात! म्हटलं, बाबांची ओळख नको, आपलं आपण जावं. तर फाटकाला हे एवढं कुलूप. पहारेकरी म्हणाला, चार महिने झाले पोरी, सगळ्यांना घरी पाठवलं.

(बाबा चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहतात.)

लेक : रोज डबा घेऊन जाता कुठे?

बाबा : बागेत. ऊन चढलं की वाचनालयात.

लेक : आणि तिथे पाठ केलेले आकडे घरी येऊन माझ्या तोंडावर फेकता! नोकरी गेली याचा राग नाही हो मला. चार महिने मला आळशी म्हणालात, त्याचा आहे.

पाहणीवाली : काका, या गल्लीत आज तुम्ही तिसरे ‘कायम नोकरी’वाले. तिघांचाही तोच पुठ्ठ्याचा कारखाना. तो बंद पडलाय हे मला कुठे ठाऊक!

लेक : घ्या! असे होतात तुमचे सहा. आम्ही खरं सांगायचं आणि वर बोलणी खायची. तुम्ही खोटं सांगून पुन्हा आम्हालाच शहाणपण शिकवायचं!

बाबा : शोधतोय गं मीही. वय विचारतात आणि पाणी पाजून परत पाठवतात.

लेक : मग ते सांगा ना. मला नका सांगू, ताईंना सांगा.

पाहणीवाली : अजून काही लिहिलेलं नाही, काका. तुम्ही म्हणाल तेच लिहीन. सात दिवसांत तासभर तरी काम?

बाबा : नाही.

पाहणीवाली : लिहू?

बाबा : जरा थांबाल का, ताई? हिची आई येईलच कामावरून. तिलाही ठाऊक नाही. तिच्यासमोर लिहा.