आमच्या आळीचे सरदार

…खाली उतरवलं म्हणे. माझ्या नवऱ्याला! आता तुम्हाला सांगते, मी काही भिंतीला कान लावून बसले नव्हते, मी आपली गोधडी वाळत घालत व्हते, आता गोधडी बदरुद्दीनभाईंच्या परसाच्या भिंतीवरच वाळते त्याला मी काय करू, ऊन तिथंच येतं. तर पलीकडं हाजराबी, बदरुद्दीनभाईंची बायको, आपल्या जावेला सांगत व्हती, "प्रयागबाईंच्या मालकांना खाली उतरवलं गं, आन् वरती आता कुंडलिकभाऊंना…" आणि नेमकं तेव्हाच आत कागदाचा लगदा कुटायला लागले. धुम, धुम, धुम. पुढचं वाक्य गेलं की लगद्यात. मी काय भिंतीवरनं मुंडी काढून विचारू, की बाई, पुन्हा सांग? माझ्या हातात काय व्हतं, सांगा.

तुम्ही म्हणाल, नवरा चढला व्हता कुठं? अहो, किल्ल्यावर. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर, माझ्या ओट्यासमोरच्या. जुन्नरात डोक्यावर एवढा शिवनेरी उभा, तरी आळीआळीला आपला वेगळा लागतो. आणि कुंभाराकडची मातीची चित्रं तुम्ही बघितलीत ना, सगळी एका साच्यातली, एकच मिशी, एकच भाला. तर यंदा कुंडलिकभाऊंनी डोकं चालवलं, समोरच राहतात ते, म्हणाले, आपण वरती दरबार भरवू, सरदार बसवू, खाली पेठ वसवू, वाणी, कासार, पाणक्या, सगळी रयत. करणार कोण? बदरुद्दीनभाई. कागद करणाऱ्यांचं घराणं ते, पण गिरणीचा कागद आल्यापासनं हाताच्या कागदाला विचारतो कोण, म्हणून मोकळे. भाला खरवडून काढायचा, लगद्यानं पोट वाढवायचं, पगडी चढवायची, की झाला भालेवाल्याचा वाणी. बोटात लई कला. फक्त म्हणाले, कपड्यांना घरटी एकेक चिंधी द्या.

तिथंच चुकलं. चिंधी मागितली आणि लोकांनी जरीचं कापड दिलं. ज्यानं त्यानं आजोबाच्या पागोट्याचा पदर कापला आणि हळूच कानात सांगितलं, हे आमच्या घरातलं, जरा वरती बसवा. कुंडलिकभाऊ तर म्हणे, आमच्या पणजोबांकडं घोडं व्हतं. व्हतं की, नाणेघाटातनं भाड्यानं ओझी वाहायचं, सगळ्या जुन्नरला ठाऊक. बदरुद्दीनभाई बिचारे मला म्हणाले, "प्रयागबाई, सगळेच सरदार झाले तर घोड्याला दाणा कोण टाकील?" मी म्हणलं, कुणी का टाकंना, आमचं चित्र महाराजांच्या उजव्या हाताला बसवा, आणि माझ्या शालूचा काठ कापून दिला. वर सांगितलं, नाक ह्यांच्यासारखं काढा, आणि तो बाहेर आलेला कान पण.

आता शालूला कात्री लावायला मला काय वेड लागलं नव्हतं. आमच्या मंजुळाला कळंबचं स्थळ आलं व्हतं. रखमाजीबाबा म्हणून, मुलाचे वडील, पहिल्या भेटीत चहा पिता पिता म्हणाले, आमच्यात सरदारकी व्हती. आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आमच्यातबी." आमच्या ह्यांना ठसकाच लागला. हे बाजारात मापाडी, सकाळपासनं संध्याकाळपर्यंत लोकांची ज्वारी मोजणार, ह्यांना कुठली सरदारकी! आणि पावणं पाडव्याला परत येणार, किल्ला बघणार. आधीची स्थळं ह्याच ओट्यावरनं उठून गेलेली. आता वरती कुंडलिक आणि आमचे हे खाली दिसले, तर पोर माझी बसली का न्हाई घरात?

म्हणून चकल्यांचं ताट घेऊन गेले बदरुद्दीनभाईंकडं. चित्रांवर पोतं झाकलेलं. म्हणाले, पाडव्यालाच दाखवीन. मी ताट पुढं केलं तर हात जोडून मागं सरकले. "रोज कुणीतरी येतं, बाई. कुणाच्या करंज्या, कुणाचे लाडू. पोट बिघडलंय माझं." बघा. सगळी आळी येऊन गेलेली. माझ्या हातात काय व्हतं, सांगा. मीच एक चकली खाल्ली आणि परत आले.

पाडव्याला पावणं उतरले सकाळच्या एस्टीनं, आणि पाणीसुद्धा न घेता सरळ किल्ल्यापुढं. आळी जमलेली. बदरुद्दीनभाईंनी रात्रीतनंच चित्रं मांडून किल्ला झाकलेला, ते पोतं काढलं.

वरती गादीवर महाराज, आणि दोन्ही बाजूंनी नुसती बैठक. रिकामी. आणि खाली पेठेत… काय सांगू तुम्हाला, जरीच्या पगड्या नुसत्या लखलखत व्हत्या! एक सरदार पखाल उचलतोय, एक बांगड्या विकतोय, कुंडलिकभाऊंचा सरदार घोड्याला तोबरा बांधतोय, आणि माझ्या शालूचा काठ डोक्याला गुंडाळून आमचे हे तराजू धरून उभे. कान हुबेहूब. बदरुद्दीनभाई म्हणाले, "एकाला वर ठेवलं असतं तर बाकीच्यांनी मला झोपू दिलं नसतं."

रखमाजीबाबांनी सगळं निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचे सरदार कुठले ह्यातले?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे हे, जे चार दिवसांत चार शब्द बोलत न्हाईत, ते म्हणाले, "आमी मापाडी, पावणं. तराजूवाला तो मी."

मी डोळेच मिटले. आता माझ्या हातात काय व्हतं, सांगा.

पावणं वाकले. तराजूजवळ तोंड नेलं. "काटा मधोमध हाय," म्हणाले, "पोरीचा बाप खोटं माप धरणारा न्हाई." आणि मग मान वर केली. "ही वरची बैठक कुणाची?" बदरुद्दीनभाई म्हणाले, कुणाचीच न्हाई. "मग आमचा एक बसवा की," म्हणून त्यांनी डोक्याचा फेटा सोडला आणि त्याचा पदर कापायला कात्री मागितली. कात्री आणून कुणी दिली? मीच.

लग्न ठरलं. आता हाजराबी बोलली ते खोटं न्हाई, ह्यांना उतरवलंच व्हतं, पण कुंडलिकभाऊंना वरती चढवलं हे मीच मनानं जुळवलं, तेबी खालीच. वरती भाऊबीजेपासनं व्याही बसलेत, लोडाला टेकून, आणि मी रोज सडा घालताना बघते. काल न राहवून ह्यांना म्हणलं, अहो, तुम्हाला काहीच वाटत न्हाई का? तर म्हणाले, "लग्नात न्हाईतरी तिथंच बसणार व्हते ते."